कॉम्प्युटरचे पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच?

लगेच मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किट बोर्डला) दोष देऊ नका. आधी मॉनिटरची केबल आणि इनपुट बघा. मग वीजपुरवठ्याची वायर काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. रॅमच्या (मेमरीच्या) सगळ्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि एकच पट्टी लावून मशीन चालू करा. क्लिप 'टक्' आवाज करून बसली पाहिजे; अर्धवट बसलेली रॅम हुबेहूब मेलेल्या बोर्डासारखी वागते!

मशीन दुरुस्त होऊन आलं असेल, तर प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची ४ किंवा ८ पिनची जोडणी नक्की तपासा. ती लावायची राहिली तरी पंखे फिरतातच, म्हणून फसगत होते.

चालता चालता बंद पडत असेल तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. मशीन चालू असताना मल्टिमीटरवर त्याची पिवळी वायर ११.४ ते १२.६ आणि लाल ४.७५ ते ५.२५ व्होल्टमध्ये हवी. एसएमपीएस स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) वायर काढल्यावरही झटका देतात. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, तेही पाहा.

तारीख सारखी मागे जाते? बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल बदला.