पिकअपचा इंजिनचा दिवा सारखा लागतो. ब्लूटूथ स्कॅनर घेऊन कोड मीच उडवू का?

स्कॅनर जरूर घ्या, कोडही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा क्रमांक, स्वतः वाचा. उडवायची मात्र घाई करू नका.

तुम्ही लिहिलंय की गॅरेजमध्ये दोनदा कोड 'क्लियर' करून दिला आणि दोन्ही वेळा दोन-तीन दिवसांत पिवळा दिवा परत आला. म्हणजे बिघाड जागेवरच आहे, फक्त त्याची नोंद पुसली गेली. बरेच कोड पहिल्या फेरीत (इंजिन चालू करून बंद करेपर्यंत) 'पेंडिंग', म्हणजे कच्चे, राहतात. इंजिन बंद करून पुन्हा चालवल्यावर तोच दोष परत दिसला, की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. तुमचे ते दोन-तीन दिवस त्यातच जातात.

एप्रिल २०१७ नंतरची गाडी असेल तर ती बीएस-४ किंवा बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी टप्पे) असणार आणि ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डखाली स्कॅनर लावायचं १६ पिनांचं सॉकेट सापडेल. त्याआधीची बीएस-३ असेल तर साधा स्कॅनर तिच्याशी बोलेलच असं नाही. स्कॅनर लावा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका आणि मोबाईलवरून जोडा. जो कोड दिसेल तो वहीत लिहा किंवा फोटो काढा. त्याच्याबरोबर 'फ्रीझ फ्रेम' नावाचं पान असतं, ते तर आधी टिपा. दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, पाण्याचं तापमान किती, हे सगळं त्यात असतं. कोड उडवला की हे पानही जातं. तुमच्या गॅरेजमध्ये दोनदा नेमकं तेच झालंय, आणि मला त्याचीच हळहळ वाटते.

माझ्या डिझेल पिकअपचं सांगतो. मार्केट यार्डातून बटाटा भरून साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला गाडीने जीव सोडला, दुसऱ्या गिअरच्या वर जाईना, मागे काळा धूर. कोड निघाला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पार्ट) दाब हवा त्यापेक्षा कमी. एका गॅरेजने लगेच टर्बो बदलायला सांगितला, खर्च ४०,००० च्या घरात. पण कोड एवढंच म्हणत होता की दाब कमी पडतोय. का पडतोय, ते त्यात कुठेच नव्हतं. फ्रीझ फ्रेममध्ये वेग २८, लोड नव्वदीच्या पुढे. रिकाम्या गाडीला काहीच त्रास नव्हता. म्हणजे दाब वाढला की हवा कुठेतरी निसटत असणार.

आधी सेन्सर तपासला. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. समुद्रकाठी तो साधारण १०१ किलोपास्कल असतो, पुण्याच्या उंचीवर ९५ च्या आसपास. माझा आकडा बरोबर आला, म्हणजे दोष सेन्सरचा नव्हता. मग इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा पार्ट) पाईप हाताने चाचपले. एका रबरी पाईपला क्लिपच्या अगदी खाली चीर होती, भोवती तेलकट काळा डाग. नुसतं उभं राहून ती दिसत नव्हती, पाईप पिळल्यावर तोंड उघडलं. पाईप आणि क्लिप बदलली. टर्बो आजही तोच आहे.

म्हणून सांगतो, कोडमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तो पार्ट लगेच विकत आणू नका. पी ००८७ म्हणजे रेलमधला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी नळी) डिझेलचा दाब कमी. ते वाचून लोक थेट पंपापर्यंत जातात, आधी डिझेल फिल्टर बघा. आणि एकदम चार-पाच असंबद्ध कोड आले तर सगळ्यात आधी बॅटरी मोजा, तिची टोकं घट्ट करा. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत.

काम झाल्यावर चावी ऑन, इंजिन बंद ठेवून कोड उडवा आणि गाडी भरलेली असतानाच त्याच चढावर नेऊन बघा, मग पेंडिंग कोड तपासा. नाही उडवला तरी चालतं. दोष खरोखर गेला असेल तर साधारण तीन फेऱ्यांत दिवा आपोआप विझतो.

बीएस-६ असेल आणि कोड डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल, तर उडवून काहीच होत नाही, काजळी फिल्टरमध्ये तशीच राहते. सीएनजी किंवा पेट्रोल पिकअपचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही. ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. तशीच ओढत नेली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या मार्गातला धूर साफ करणारा पार्ट) जळतो. आणि स्कॅनर रात्रभर सॉकेटमध्ये ठेवू नका, थोडी थोडी बॅटरी खातो.

दिवा परत लागेल तेव्हा पूर्ण कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे आणि गाडी भरलेली होती की रिकामी, एवढं कळवा. कुठून बघायला सुरुवात करायची ते त्यावरून सांगतो.