आधी नमुना, मग ड्रेन नट

पुणे रस्त्यावरच्या पंपावर १८० लिटर डिझेल भरलं, मोहोळ यायच्या आत डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला, सोलापुरात मिस्त्रीनं फिल्टर बदलला, तरी तुळजापूरच्या घाटात गाडी मिसिंग मारते आणि पंपवाला म्हणतो "टाकीला रात्री घाम सुटला असेल". भाऊ, तुमची पोस्ट वाचून जुनी जखम ठसठसली, म्हणून लांबलचक लिहितोय.

आधी त्या घामाचा, म्हणजे टाकीतल्या हवेतल्या वाफेचं पाणी होण्याचा, हिशोब. ३० अंशाला हवा पूर्ण दमट असली तरी एका घनमीटरात साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे ३०० लिटरची टाकी अगदी रिकामी धरली तरी आतल्या हवेत ९ ग्रॅम पाणी, दोन चमचे. अर्ध्या टाकीनं गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर थेंबथेंब साचतं, नाही असं नाही. पण फिल्टरखालची पाणी साठायची वाटी दोनदा सोडून पाऊण लिटर निघालं म्हणता, ते एका रात्रीच्या घामाचं नाही. बीएस ६, म्हणजे सध्याच्या प्रदूषण नियमांतल्या, डिझेलला पाण्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. ३०० लिटरला सगळं मिळून ५० मिली होतं, कटिंगचा ग्लासही भरत नाही. आमच्या सोलापुरात नळाच्या पाण्याची वाट बघायची, आणि डिझेलमध्ये मात्र मागाल तेवढं!

तरी पंपावर जायच्या आधी आपली बाजू तपासा. टाकीच्या झाकणाचा रबर चिरलाय का, ब्रीदरची, म्हणजे टाकीत हवा जायची, नळी तुटलीय का, उसाचा चिखल काढायला प्रेशरचं पाणी झाकणावर मारलं होतं का. भरल्यावर वीस-पन्नास किलोमीटरात दिवा लागला तर संशय पंपावर जातो, पावसानंतर किंवा धुतल्यावर लागला तर झाकणावर. पाण्याबरोबर काळा चिकट गाळ आणि गंज निघाला तर पाणी टाकीत जुनंच आहे.

आता मुख्य गोष्ट. माझी चूक एका ओळीत सांगतो: मिस्त्रीला "काढ सगळं" म्हटलं आणि पुरावा वर्कशॉपच्या मातीत जिरला. नंतर एका कार्यालयानं एकच विचारलं, नमुना सीलबंद आहे का? नाही म्हटल्यावर दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला, आणि दुसऱ्यानं पुन्हा पहिल्याचा. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बिलापेक्षा या फेऱ्यांनी जास्त दमवलं. म्हणून टाकीच्या तळाचा ड्रेन नट सोडून सगळं डिझेल काढायच्या आधी नमुना घ्या. तुमच्या टाकीतलं डिझेल अजून काढलेलं नाही, म्हणजे वेळ गेलेली नाही.

नमुना रिकाम्या पाण्याच्या बाटलीत घेऊ नका. आत दोन थेंब राहिलेले असतात आणि समोरचा तेवढंच धरून बसतो. कोरड्या काचेच्या बरण्या घ्या, एक-एक लिटरच्या. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवा, म्हणजे पाणी तळाला बसेल. मग टाकीच्या तळातून एक आणि फिल्टरच्या वाटीतून मिळेल तेवढा. दोघांच्याही दोन-दोन प्रती, झाकणावर कागदी पट्टी, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. नंबर प्लेटपासून बरणी सील होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ. पंपाच्या बिलाचा फोटो आजच काढा, तो कागद उन्हात दहा दिवसांत पांढरा पडतो.

पंपावर डेन्सिटी मोजून दाखवतील. मोजू द्या, पण त्यावर गप्प बसू नका. टँकरच्या चलनावरच्या आकड्यात (घनमीटरला किलो) ३ चा फरक चालतो. डिझेल ८३० धरलं आणि त्यात १ टक्का पाणी मिसळलं तर डेन्सिटी जेमतेम १.७ नं वाढते. म्हणजे ३०० लिटरला ३ लिटर पाणी असूनही डिझेल पास! शिवाय पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी तळाला आणि ओढणारी नळी त्याच्या वर असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नोझलमधून स्वच्छच येईल. पाणी ढवळून वर येतं ते टँकर खाली होताना. तेव्हा पंपावर टँकर उभा दिसला तर पुढे निघा. तुम्ही मागायचं ते एवढंच: डिपरॉडला, म्हणजे पातळी मोजायच्या काठीला, पाणी ओळखायची पेस्ट लावून पंपाच्या टाकीत घाला. पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो.

तक्रार पंपाच्या तक्रारवहीत, कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. वैधमापनवाले माप कमी भरलं का ते बघतात, गुणवत्तेसाठी त्यांच्याकडे हेलपाटा मारू नका. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत असते. तिथे "व्यावसायिक वापर" म्हणून हरकत घेतली जाते, पण स्वतःची एकच गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे. मी वकील नाही, कागद एकदा वकिलाला दाखवा.

गाडीबद्दल. चावी ऑनसुद्धा करू नका, बॅटरी काढा. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दीड-दोन हजार बारचं प्रेशर आणि भागांमध्ये दोन-तीन मायक्रॉनची फट. तिथे डिझेलच वंगण असतं, पाणी ते काम करत नाही. इंजेक्टरच्या नोझलच्या टोकाला पाण्याची वाफ होते आणि टोक उडतं. नुसता फिल्टर बदलून उपयोग झाला नाही, कारण पाणी टाकीत आहे.

नमुने झाले की टाकी पूर्ण खाली करा, लोखंडी पिंपात, बिडीवाल्यांना लांब ठेवून. आत कॉटन वेस्ट फिरवू नका, धागे जाळीत अडकतात. सक्शनची जाळी धुवा, ड्रेन नटला नवा तांब्याचा वायसर लावा. रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारी, नळी टाकीपासून सोडून कॅनमध्ये घ्या, नाहीतर त्यातलं पाणी परत टाकीत. दोन्ही फिल्टर नवे. नवा फिल्टर वरून डिझेल ओतून भरायची मिस्त्री लोकांची सवय असते, ती कॉमन रेलला घातक, न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला जातं. डिझेल लाईनच्या हातपंपानंच भरा, हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत. आणि जुन्या गाडीसारखे इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारू द्यायचा नाही. त्या प्रेशरची धार कातडीतून आत शिरते, हे मी घाबरवायला लिहीत नाही. सेल्फ एका वेळी १५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं थांबा. जुना फिल्टर फेकू नका. कापून कागद बघा, तपकिरी डाग आणि फुगलेला कागद म्हणजे पाणी पुढे गेलंय, मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, म्हणजे तो किती डिझेल परत सोडतो ती तपासणी, करून घ्या. सुरू झाल्यावर ५० किलोमीटरला वाटी पुन्हा सोडा.

टाकीत स्पिरिट किंवा "पाणी विरघळवणारं" औषध ओतायचा सल्ला कुणीतरी देईलच. माझं मत: अजिबात नको. पाणी डिझेलमध्ये मिसळलं की पाणी अडवणाऱ्या सेपरेटर फिल्टरला ते वेगळं करता येत नाही, सरळ इंजिनच्या डिझेल पंपात जातं.

एक विचारायचं राहिलं. तुमची गाडी बीएस ६ आहे, मग निळ्या झाकणाच्या टाकीतला डीईएफ (धूर स्वच्छ करायचं युरियाचं पाणी) कुणी चुकून डिझेलमध्ये ओतला नाही ना? फिल्टरमधून निघालेल्या त्या पाण्यातलं अर्धी वाटी स्टीलच्या ताटलीत दिवसभर उन्हात ठेवा. आपल्या बोअरचं पाणी असेल तर पातळ पांढरी साय राहील. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, तो ताटलीभर पांढरे खडे सोडेल. खडे दिसले तर पंपवाल्याशी भांडण थांबवा आणि आधी क्लीनरला विचारा.