रविवारची जोडाजोड : चर्चमधला माइक, स्पीकर आणि रेकॉर्डिंग

प्रश्न : आमची साठ-सत्तर जणांची मंडळी शाळेच्या हॉलमध्ये भरते. दर रविवारी सामान न्यायचं, मांडायचं, परत आणायचं. वायर पुरत नाही म्हणून दोन्ही स्पीकर पुलपिटामागच्या (पाळक उभे राहून बोलतात त्या मंचामागच्या) भिंतीशी ठेवतो. पाळकसाहेबांचा आवाज जरा वाढवला की शिट्टी बसते. महागडा माइक घ्यावा का?

माइक नको, वायर घ्या. १५ मीटरच्या दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकला लागतात तशा) केबलींत तुमचं निम्मं काम होईल. स्पीकर मागे असले की त्यांचा आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये जातो. शिट्टी ती हीच. स्पीकर माइकच्या किमान दीड-दोन मीटर पुढे, दोन बाजूंना उभे करा. स्टँड इतका उंच करा की स्पीकरचा हॉर्न (वरचं भोंग्यासारखं तोंड) साधारण दोन मीटरवर येईल, आणि तोंड शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेकडे वळवा. मागच्या भिंतीकडे नको. फरशी आणि पत्रा असलेल्या हॉलमध्ये भिंतीवर आपटलेला आवाज शब्दांचा चिखल करतो.

दुसरी गोष्ट अंतराची. तोंड माइकपासून ४० सेंटिमीटरवर असेल आणि ते २० वर आणलं, तर माइकला सुमारे ६ डेसिबल जास्त आवाज मिळतो, तोही फुकट. पाळकसाहेबांना वाचताना मान खाली घालायची सवय असेल तर माइक पुस्तकाच्या वरून, हनुवटीच्या रेषेत आणा. हातात माइक घेणाऱ्यांनी जाळीला मूठ मारून धरू नये. जाळीमागच्या फटी बंद झाल्या की एका दिशेने ऐकणारा माइक सगळीकडून ऐकू लागतो.

तिसरी गोष्ट उघड्या माइकांची. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते. संदेश (पाळकांचं प्रवचन) चालू असताना क्वायरचे चार माइक उघडे राहणं, हे आम्हाला सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण आहे. म्यूट बटण त्यासाठीच असतं.

एवढं झाल्यावर इक्वलायझरला, म्हणजे वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांना, हात लावा. मंडळी येण्याआधी पुलपिटाचा माइक हळूहळू वाढवत न्या. बारीक गुणगुण सुरू होईल तिथे थांबा, ती ज्या सुराची असेल ती पट्टी ३ ते ४ डेसिबल खाली घ्या, पुन्हा वाढवा. असं तीनदा, फार तर चारदा. दहा पट्ट्या खाली ओढल्या तर आवाज डब्यात बसल्यासारखा होतो. म्हणजे चूक अजून मांडणीतच आहे. भाषणाच्या चॅनलवर १०० हर्ट्झचा लो-कट (खालची घुमघुम कापणारा खटका) कायम चालू ठेवा.

प्रश्न : मिक्सरच्या पाव इंची मेन आउटमधून एक केबल थेट छोट्या रेकॉर्डरला जोडली. हेडफोनवर संदेश ऐकू येतो, पण तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर लोक म्हणतात, मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही. फाइल खराब झाली का?

फाइल शाबूत आहे, केबल चुकली. मिक्सरचं ते आउटपुट बॅलन्स्ड आहे : पिनच्या टोकावर आवाज आणि मधल्या रिंगवर तोच आवाज उलटा. रेकॉर्डरच्या छोट्या स्टीरिओ पिनमध्ये मात्र टोक म्हणजे डावा आणि रिंग म्हणजे उजवा. त्यामुळे डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा आवाज नोंदला गेला. हेडफोनवर दोन कानांना वेगवेगळं मिळतं म्हणून ऐकू येतं, जरी डोकं जड झाल्यासारखं वाटलं तरी. एकच स्पीकर असलेला मोबाइल दोन्ही बाजूंची बेरीज करतो, आणि अधिक-उणे मिळून शून्य.

झालेली फाइल वाचवता येते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, स्टीरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा, एक काढून टाका, दुसरा एक्स्पोर्ट करा. दोन मिनिटांचं काम.

पुढच्या रविवारी मिक्सरवरच्या ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ लिहिलेल्या लाल-पांढऱ्या आरसीए जोडातून छोट्या स्टीरिओ पिनकडे जाणारी केबल वापरा. रेकॉर्डरवर ‘लाइन’ आणि ‘माइक’ असा खटका असेल तर तो लाइनवर हवा. माइकवर राहिला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने धड होत नाही. सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचू द्या. संदेश हळू सुरू होतो आणि शेवटी चढतो, हे धरूनच लेव्हल लावा.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी घेते. भक्ती संपताच कुणीतरी मेन बोर्ड बंद करतो, म्हणून रेकॉर्डर त्याच्या सेलवर किंवा पॉवर बँकवर चालवा. फाइल नीट बंद होण्याआधी वीज गेली तर पुष्कळदा ती उघडतच नाही.

प्रश्न : मिक्सरमधून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये संदेश स्वच्छ येतो, पण गीतं भुताटकीसारखी वाटतात. मंडळी गातेय असं वाटतच नाही.

कारण मंडळीसमोर माइकच नाही. मिक्सरमध्ये जे शिरतं तेच बाहेर येतं. हॉलसाठीचा आवाज आणि रेकॉर्डिंगचा आवाज या दोन वेगळ्या गरजा आहेत; एकाच मास्टर फेडरवर (मुख्य आवाजाच्या सरकपट्टीवर) दोन्ही भागत नाहीत. ढोलकी हॉलमध्ये आपोआप मोठी ऐकू येते म्हणून तुम्ही ती मिक्सरवर खाली ठेवता, आणि रेकॉर्डिंगमध्ये ती नाहीशी होते.

मिक्सरवर मोकळा ऑक्स (वेगळं मिश्रण बाहेर देणारा जोड) असेल तर रेकॉर्डर त्याला जोडा आणि त्यात ढोलकी जास्त, गायक कमी असं वेगळं मिश्रण करा. शिवाय एक कंडेन्सर माइक उंच स्टँडवर, स्पीकरच्या मागच्या बाजूला राहील असा, मंडळीकडे तोंड करून लावा. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून माइकच्या केबलीतूनच जाणारी वीज) लागते. हा माइक फक्त ऑक्समध्ये जावा, मेनमध्ये (हॉलच्या स्पीकरांत) चुकूनही नाही, नाहीतर पहिल्या कडव्यालाच शिट्टी. संदेशाच्या वेळी तो खाली घ्या. खोकला आणि खुर्च्यांची घासाघास कुणाला ऐकायची नसते. तो वेगळ्या ट्रॅकवर घेतला असेल तर एडिटिंगमध्ये तेवढा आधी, म्हणजे डावीकडे, सरकवा : गायकापासून १० मीटरवर असलेल्या माइकमध्ये आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो.

प्रश्न : कीर्तनाला पेटी, ढोलकी, झांजा आणि एक कीर्तनकार. माइक चारच आहेत.

तीन पुरे. झांजांना माइक लावू नका. त्या सगळ्या माइकांत आपणहून शिरतात, उलट झांजवाल्याला दोन पावलं मागे बसवा. पेटीचा माइक स्वरपट्ट्यांच्या वर ३० सेंटिमीटर, भात्यापासून लांब, नाहीतर फसफस ऐकू येते. ढोलकीला एकच माइक समोरून, मधोमध, किंचित शाईकडे झुकलेला. दोन माइकांमधलं अंतर प्रत्येक माइकच्या आपापल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवलं तर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून पोकळ होत नाही. तिसरा कीर्तनकाराचा; ते चालते असतील तर वायरलेस. २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर त्याचा रिसीव्हर वाय-फाय राउटरजवळ ठेवू नका. या लहरी माणसाच्या अंगाने अडतात, म्हणून रिसीव्हर डोक्यांच्या वर हवा. चौथा माइक शिल्लक ठेवा. एखादा ऐनवेळी दगा देतोच.

प्रश्न : लाइट जाते तेव्हा घरचा इन्व्हर्टर जोडतो. तो लागला की स्पीकरमध्ये घरघर सुरू होते. किती वेळ चालेल तेही कळत नाही.

जुने स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतात आणि तिची घरघर आवाजात उतरते. साइन वेव्हचा घ्या. हिशेब असा : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, निम्मीच वापरायची म्हणून ९००, त्यातून इन्व्हर्टरची घट वजा जाता ७२० च्या आसपास. दोन पॉवर्ड (आतच अँप्लिफायर असलेले) स्पीकर भाषणाच्या पातळीवर आणि एक छोटा मिक्सर मिळून १५० वॅट धरा. साडेचार तासांच्या आसपास मिळतात. लेझीम-ढोल लावलात तर कमी.

लाइट असतानाही घरघर असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेकदा चोर तोच असतो. मग मिक्सर, लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर आणा. लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये ग्राउंड लिफ्ट असलेला डीआय बॉक्स टाका, म्हणजे आवाजाच्या केबलीतला जमिनीचा जोड खटक्याने तोडता येणारी छोटी डबी. पण घरघर जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडू नका. माइकला ओठ लागताच शॉक बसतो तो यामुळेच.

प्रश्न : नाताळच्या आदल्या रात्री अंगणात उपासना असते. लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. त्या वर्षीच्या यादीत २४ डिसेंबर आहे का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारा. निवासी भागात दिवसाची, म्हणजे रात्री १० पर्यंतची, मर्यादा ५५ डेसिबल; लाउडस्पीकरचा आवाज हद्दीवर त्याहून १० पर्यंत जास्त, म्हणजे ६५, चालतो. स्पीकर खाली झुकवून, अंगणाच्या आत तोंड करून लावले तर हे जमतं. रात्रीची उपासना बंद सभागृहात घेतली तर या रात्रबंदीतून आतल्या आवाजाला सूट आहे, पण खिडक्याही बंद ठेवा.