गोठ्याचं पाणी, विहिरीचं पाणी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा दहा जनावरांचा गोठा विहिरीपासून २५ मीटरवर, चढाच्या बाजूला आहे. उकिरडा त्याला लागूनच. मोठा पाऊस झाला की विहिरीचं पाणी पिवळट होतं, वास मारतं. उकिरडा हलवला तर भागेल का?

उत्तर: उकिरडा हलवावाच लागेल, पण सुरुवात छपरापासून करा. एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. छप्पर १५ बाय ८ मीटरचं धरलं, तर ४० मिलिमीटर पावसात ४,८०० लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात पडतं. चारशे किलोचं जनावर दिवसाला साधारण ३० किलो शेणमूत टाकतं. दहा जनावरांचं ३०० किलो. म्हणजे सोळा दिवसांच्या शेणमुताएवढं पाणी एका पावसात त्यात कालवलं जातं आणि उताराने विहिरीकडे धावतं. छपरावरून पडताना हेच पाणी जवळजवळ स्वच्छ असतं. ते शेणाला शिवण्याआधीच बाजूला काढा.

त्यासाठी दोन्ही पाख्यांना पन्हळी लावा, उतार दर २ मीटरला १ सेंटीमीटर. आधार ६० ते ९० सेंटीमीटरवर हवेत. ते लांब पडले की पन्हळ मधे झोळते आणि तिथूनच भरून वाहते. खाली येणारा पाइप ११० मिलिमीटरचा घ्या आणि जनावरांच्या उंचीपर्यंत त्याला लोखंडी आडोसा करा, नाहीतर अंग घासून ती तो महिन्याभरात मोडतात. पाइपचं तोंड अंगणात सोडू नका, थेट गोठ्याच्या आणि विहिरीच्या पलीकडे न्या. पाचोळ्याने तोंड बुजतं, म्हणून पावसाळ्याआधी आणि मधे एकदा तरी पन्हळी साफ करा.

वरच्या शेतातून वाहत येणारं पाणी अडवायला गोठ्याच्या वरच्या अंगाला चर काढा: ३० सेंटीमीटर खोल, ६० सेंटीमीटर रुंद, माती खालच्या बाजूला टाकून चोपलेली. चराला १०० मीटरमागे अर्धा ते एक मीटर उतार पुरे. त्याहून जास्त दिलात तर चराचा ओहोळ होतो. अगदी सपाट ठेवलात तर पाणी तुंबून बांध फुटतो. बांधावर गवत धरू द्या.

एवढं झालं की सांभाळायला फक्त घाण पाणी उरतं. गोठ्याच्या फरशीला मीटरमागे दीड-दोन सेंटीमीटर उतार देऊन ते पक्क्या टाकीत घ्या. मूत आणि धुण्याचं मिळून रोजचं ३०० लिटर असेल आणि ३० दिवस शेतात देता येणार नसेल, तर ९,००० लिटर. शिवाय वर ३० सेंटीमीटर जागा मोकळी. टाकीवर छप्पर हवं, नाहीतर पाऊसच ती भरतो. वापरण्याआधी साध्या पाण्याने भरून पातळीची खूण करा आणि झाकून ठेवा. २४ तासांत पातळी उतरली तर गळती आहे.

नवा उकिरडा विहिरीच्या उताराच्या बाजूला, निदान ३० मीटर लांब, पक्क्या तळाचा आणि छपराखाली असावा. त्यातला काळा निचरा त्याच टाकीत. जुन्या जागेची वरची १५-२० सेंटीमीटर माती खरवडून शेतात पसरा. लोक नेमकं हेच विसरतात, आणि उकिरडा उठून गेल्यावरही ती माती दर पावसात पाझरत राहते.

विहिरीचा कठडा उंच करा, भोवती बाहेर उतार असलेला एक मीटरचा ओटा घाला, आणि आतलं बांधकाम वरच्या किमान ३ मीटरपर्यंत सिमेंटने बंद करा. पाणी तपासून चांगलं ठरेपर्यंत पिऊ नका.

प्रश्न: विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, पाणी उकळतो. तरी तपासणीत नायट्रेट ७० मिलिग्रॅम आलं. असं का?

उत्तर: टीसीएल आणि उकळणं जंतूंवर चालतं, नायट्रेटवर नाही. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट मात्र तेवढंच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण उलट वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल, तर दूध कालवायला हे पाणी आजपासून बंद करा. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडू शकतं. आरओने नायट्रेट कमी होतं, पण यंत्रातून आलेलं पाणीही तपासून घ्या. मूळ बंद केलं तरी विहिरीतलं प्रमाण सावकाश उतरतं, कधी वर्षं लागतात. दर सहा महिन्यांनी तपासा.

प्रश्न: पावसाआधी शेतात स्लरी (शेणमुताचं पातळ पाणी) पसरली तर ती आपोआप मुरते ना?

उत्तर: नाही, ती वाहून जाते. पुढच्या ४८ तासांत जोराचा पाऊस दिसत असेल किंवा जमीन आधीच तुडुंब असेल, तर थांबा. पसरल्यावर त्याच दिवशी मातीत मिसळा. ओढ्यालगत १० मीटर दाट गवताचा पट्टा ठेवा. पाणी त्यावरून पातळ पसरून गेलं तरच गाळ अडतो. चाकोरीतून किंवा गुरांच्या वाटेने धार लागली की पट्टा असून नसल्यासारखा, म्हणून अशा घळी दगड-मातीने बुजवून गवत लावा.