पहिलीच रोड ट्रिप? आधी यादी छाटा

चार दिवसांत सहा ठिकाणं हा तुमचा बेत वाचला. उत्साह पाहून छान वाटलं, पण यादीतली निम्मी ठिकाणं आत्ताच काढून टाका. जिवावर येईल, तरी काढा. चार दिवसांना दोन मुक्काम पुरतात. एका जागी दोन रात्री राहिलात की रोजची सकाळ सामान बांधण्यात जात नाही, आणि आसपास निवांत फिरता येतं.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे किलोमीटर मोजणं. तास मोजा. घाटरस्त्याला १०० किलोमीटरला सहज ३ तास लागतात. त्यात अ‍ॅप दाखवतं ती वेळ न थांबता गाडी चालवण्याची; तुम्ही तर थांबायलाच निघालाय! दिवसाला ४-५ तासांपेक्षा जास्त ड्रायव्हिंग नको.

आणखी थोडं:
- अंधाराच्या तासभर आधी मुक्कामी पोचा.
- नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते.
- टाकी अर्धी झाली की भरा.
- स्टेपनीतली हवा तपासा. हे हमखास राहून जातं.

बाकीचं नंतर बघू. आधी मुक्कामाची दोन गावं ठरवून सांगा, मधले थांबे मग जोडता येतील.