खात्री हवी आणि खात्री हवीच

“ताई, घरी केलेल्या एचआयव्ही चाचणीवर विश्वास ठेवू का?” हा प्रश्न आमच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मला इतक्यांदा विचारला जातो की, एकाच्या निमित्ताने अनेकांना उत्तर द्यावे असे वाटले. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाकणला रात्रपाळी करणारा २९ वर्षांचा हा तरुण लग्न ठरल्यानंतर आला. पाच महिन्यांपूर्वीच्या एका असुरक्षित संबंधाची धास्ती त्याच्या मनात होती. तेव्हापासून त्याने हिरड्यांवरून बोळा फिरवायची सात किट वापरली होती आणि सातही निगेटिव्ह होती. मोबाइलमधला सहाव्या पट्टीचा फोटो त्याने दोन बोटांनी इतका मोठा केला की नुसते करडे ठिपके उरले. “ही बघा, फिकट रेघ.” फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी, पट्टी टाकून देताना काढलेला होता.

सूचनापत्रातील वेळेत उमटलेली रेघ फिकट असली तरी धरायची आणि केंद्रात येऊन खातरजमा करायची. वेळ उलटून गेल्यावर दिसलेली रेघ मात्र निकाल नव्हे. ही चाचणी विषाणू नव्हे, तर प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने, शोधते (लाळेतून एचआयव्ही पसरत नाही, हेही अनेकांना इथेच कळते). प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या जोखमीला तीन महिने होण्याआधीचा निगेटिव्ह निकाल निर्णायक मानता येत नाही. हे सारे त्याला पहिल्याच भेटीत समजले, तरी भीती तसूभर हलली नाही. माहिती कमी पडते म्हणून माणूस घाबरतो, हे मला फारसे पटत नाही. तो स्वतःशी काय बोलतो, तिकडे माझे लक्ष असते.

तिसऱ्या भेटीत तो म्हणाला, “मला शंभर टक्के खात्री हवीच.”

“रात्री दुचाकीवरून घरी जाता, तेव्हा सुखरूप पोहोचण्याची शंभर टक्के खात्री असते?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “नसते. हेल्मेट घालतो आणि निघतो.”

हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातले नव्हते, याचे मला आजही समाधान वाटते. ‘हवी’पाशी थांबलेला माणूस चाचणी करतो आणि कामाला लागतो, ‘हवीच’मधला तो ‘च’ त्याला आठवे किट मागवायला लावतो.

मग इथले हेल्मेट कोणते, ते त्यानेच ठरवले: केंद्रात एकदा रक्ततपासणी, आणि पुढे नवी जोखीम घडली तरच पुन्हा. ही तपासणी मोफत आणि गोपनीय असते. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली, तरी आणखी दोन वेगळ्या चाचण्या झाल्याशिवाय आम्ही कोणाला पॉझिटिव्ह म्हणत नाही.

त्याचा अहवाल निगेटिव्ह आला. तो त्याने एकदाच वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “तिची तयारी असेल, तर आम्ही दोघे एकत्र येऊ का?”