खरी जीटीओ ओळखावी कशी?

प्रश्न : अमेरिकेत १९६५ ची पाँटिअॅक जीटीओ ही जुनी मोटारगाडी विक्रीला आहे. तिचे संपूर्ण पुनरुज्जीवन झाले असून ती अस्सल असल्याचे विक्रेता सांगतो. खात्री कशी करावी?

उत्तर : आपण निवडलेले वर्षच नेमके अवघड आहे. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हते. पाँटिअॅकच्याच ल मान्स या गाडीवर ग्राहकाने जादा पैसे देऊन घ्यायचा तो एक संच होता. त्यामुळे १९६५ च्या अस्सल जीटीओचा आणि साध्या ल मान्सचा वाहन क्रमांक (नंबरप्लेटवरचा नव्हे, कारखान्याने गाडीला दिलेला ओळख क्रमांक) सारख्याच २३७ या आकड्यांनी सुरू होतो आणि केवळ त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. (१९६६ पासून २४२ हा वेगळा आरंभ मिळाला, तेव्हा हा प्रश्न सुटला.) ३८९ घनइंचाचे इंजिन, तीन कार्ब्युरेटर, नावाच्या पट्ट्या हे सारे नंतरही बसवता येते, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था वाहन क्रमांकावरून कारखान्याच्या मूळ नोंदींची प्रत देते. ती हाती आल्याशिवाय इसार (आगाऊ रक्कम) देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगाच्या चकाकीपेक्षा रंगापूर्वीची छायाचित्रे मागावीत. मागच्या काचेखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या चाकांभोवतीची कड येथे गंज हमखास धरतो. तेथे लोहचुंबक चिकटला नाही, तर लांबी (पुट्टी) भरून गंज झाकला आहे असे समजावे.